गोडगुरूंची शून्यसाखर

हॉलमधल्या खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतीला टेकले, भिंत संपली तेव्हा दारात दाटले आणि दारही संपलं तेव्हा जिन्यावर उभे राहिले. जिन्यावरच्यांना स्टेज दिसत नव्हतं, ऐकूही निम्मंच येत होतं, पण टाळ्या सगळ्यात जोरात त्यांच्याच.

माझा धंदा माइक, स्पीकर आणि पडदा भाड्यानं देण्याचा. स्टेजच्या कडेला बसून मी इतक्या जणांची भाषणं ऐकली आहेत, की कुणाच्या आवाजात किती पाणी घातलंय ते मला लगेच कळतं. गोडगुरूंच्या आवाजात पाणी अजिबात नव्हतं. पाक होता. एकतारी.

गोडगुरू हे नाव लोकांनीच ठेवलेलं. माणूस गोरागोमटा, कोट डॉक्टरचा, हसू नव्या जावयाचं. कॉलरला माइक लावायला मी जवळ गेलो की दालचिनीचा वास यायचा. हॉलमध्ये जमलेले बहुतेक मधुमेहाचे, आणि त्यातले बरेचसे लो-कार्बवाले. म्हणजे भात सोडलेला, पाव सोडलेला, बटाट्याशी बोलणं बंद केलेलं, आणि आता फक्त गोडासाठी जीव तुटणारे. अशा माणसाला कुणी सांगितलं की बाबा, एक गोड असं आहे की ते खाल्लं तर साखर वाढत नाही, उलट उतरते, तर तो भिंतीला टेकून काय, भिंतीवर चढूनसुद्धा ऐकेल.

"स्वादुपिंड म्हणजे झोपलेलं बाळ," गोडगुरू सांगायचे. "साखर म्हणजे त्या बाळाच्या कानाशी बडवलेला पत्र्याचा डबा. आणि माझी शून्यसाखर म्हणजे अंगाई."

बायका माना डोलवायच्या, पुरुष सुस्कारे सोडायचे. बाळ झोपलेलंच राहिलं तर इन्सुलिन कोण बनवणार, हे काही कुणी विचारलं नाही. ही शून्यसाखर म्हणे एका उंच डोंगरावरच्या मुळापासून बनते, आणि त्या मुळानं जन्मात उन्हाचं तोंड पाहिलेलं नसतं. आता मला सांगा, कुठल्या मुळानं पाहिलेलं असतं? पण टाळ्या पडल्या.

मग प्रयोग. आमच्या गल्लीतल्या शिवणकामाच्या मावशी उत्साहानं पुढे गेल्या. गुरूंनी त्यांच्या चिमटीत शून्यसाखरेची फिकट तपकिरी पूड दिली आणि अंगठा-बोटाच्या मध्ये हलकेच चोळायला सांगितली, म्हणजे म्हणे शरीराशी ओळख होते. मावशींनी चोळली, उरलेली झटकली. गुरूंच्या सहायक बाईंनी त्याच बोटाला सुई टोचली, थेंब मशीनच्या पट्टीला लावला. मशीनवर कॅमेरा होता, आकडा मागच्या पडद्यावर हत्तीएवढा उमटला. तीनशे बारा. मावशींचा चेहरा पांढरा पडला. हॉल चुकचुकला.

मग मावशींना शून्यसाखरेच्या केकचा भलामोठा तुकडा खायला घातला. तो खाऊन होईपर्यंत गुरू बाळाबद्दल आणि अंगाईबद्दल बोलले. मग 'शीतशुद्धी'. सहायक बाईंनी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं मावशींची बोटं एकेक करून नीट पुसली, कोरडी केली. शीतशुद्धीचं पाणी कोमट का, हा प्रश्न माझ्या डोक्यात येऊन गेला, पण तेवढ्यात स्पीकर शिट्टी मारायला लागला आणि मी तिकडे वळलो. वळून परत बघतो तर पडद्यावर एकशे साठ. केक खाऊन साखर निम्म्यावर.

"मशीनला खोटं बोलता येत नाही," गुरू म्हणाले. जिना टाळ्यांनी दणाणला.

केक माझ्या दादानं भाजलेला होता. पहिल्या रांगेत तोच बसला होता. एका पायात बूट, दुसऱ्या पायात मऊ सपात, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी इतक्या वर्षांत त्याची एवढी थट्टा केली पण असा चेहरा त्याचा कधी बघायला मिळाला नाही.

दादाची बेकरी आहे. आयुष्यभर गावाला गोड खाऊ घातलं आणि स्वतःला मधुमेह लागला. पण माणूस जिद्दीचा. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं पथ्य सुरू केलं. स्वतः पाव भाजणारा माणूस पावाला शिवेना. बिनसाखरेचा केक जमतो का म्हणून त्यानं बाजारातली सगळी पर्यायी साखर आणून पाहिली. स्टीव्हियाचा केक मागाहून कडवट लागायचा. एरिथ्रिटॉलचा केक तोंडात थंड पडायचा आणि कितीही भाजला तरी आजाऱ्यासारखा फिका दिसायचा. माल्टिटॉलची चॉकलेटं त्यानं मला चाखायला दिली. मी चाखायची म्हणून डबा संपवला, आणि त्या संध्याकाळी माझ्या पोटानं जी भाषणं ठोकली त्याला माइकची गरज नव्हती. वहिनी अजून त्यावरून हसतात.

पण हसण्यासारखं पुढे काही राहिलं नाही. दादा इतकं पथ्य पाळायचा, तरी घरच्या मशीनवर आकडा कधी तीनशेच्या खाली यायचा नाही. रोज मोजायचा, रोज तोंड पाडायचा. त्यात भट्टीतला तापलेला ट्रे पायाच्या अंगठ्यावर पडला. भाजलं. साधं भाजणं, पण जखम काही भरेना. अशा वेळी माणूस गोडगुरू शोधतो, आणि गोडगुरूही नेमके अशाच माणसाच्या शोधात असतात. गुरूंनी दादाला स्टेजवर घेतलं, आकडा उतरवून दाखवला, आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, गोळ्या बंद. दोन, घरच्या मशीनवर मोजायचं नाही, कारण घरातल्या लोकांच्या शंकेमुळे मशीन बिघडतं. वर केक बनवायचं कामही त्यालाच दिलं. आता दादा दिवसभर तो केक बनवत होता, आणि चाखतही होता. गुरूंनीच सांगितलं होतं, जितकं खाल तितकं उतरेल.

त्या कार्यक्रमानंतर वायरी गुंडाळत होतो, तेव्हा वहिनी माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, अंगठ्याचा रंग बदललाय. वास येतो. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं तर घर डोक्यावर घेतात. तुम्ही काहीतरी करा." वर म्हणाल्या, "मात्र थट्टा नको."

वहिनींनी मला थट्टा नको म्हणणं म्हणजे मांजराला दूध बघू नको म्हणणं. पण त्यांचे डोळे भरलेले होते. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. विचारायचं होतं दादाबद्दल, पण नंबर लागेपर्यंत भूक लागली म्हणून बाकावर बसून संत्रं सोलून खाल्लं. आत गेल्यावर म्हटलं, आलोच आहे तर माझीही साखर बघा. त्यांनी सुई उचलली आणि माझ्या बोटांचा वास घेतल्यासारखं करून थांबल्या. आधी हात धुऊन या, म्हणाल्या. मी म्हटलं, रक्त आतून येणार, बाहेरच्या हातांचा काय संबंध? तर म्हणाल्या, फळाचा रस बोटाला लागलेला असला तर तो थेंबात मिसळतो, आणि मशीनला वाटतं ही साखर रक्तातलीच. मशीन बिचारं थेंब बघतं, माणूस नाही.

मला मावशींची चिमटी आठवली. मग म्हटलं, बाई, एकदा असंच घ्या. न धुता. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं, पण घेतलं. दोनशे सत्याऐंशी. मग साबणानं हात धुऊन, पुसून, पुन्हा. शंभराच्या आतबाहेर. मी असा हसलो की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. चिमटीत पूड चोळणं, मग तेच बोट टोचणं. मग केक, मग 'शीतशुद्धी', म्हणजे चक्क हात पुसणं. पहिला आकडा पुडीचा, दुसरा माणसाचा. कोमट पाण्याचंही कोडं सुटलं. कोमट पाण्यानं चिकटपणा लवकर जातो.

थट्टा नाही, सरळ प्रयोग, असं ठरवून मी दादाकडे गेलो. कपाटातून मशीन काढलं, वहिनींना साक्षीला उभं केलं आणि ऐटीत सांगितलं, बघ दादा, आता मी फक्त बोटाला साखर चोळणार आणि मला मधुमेह होणार. बेकरीच्या पिंपातली साखर घेतली, चांगली रगडली, सुई टोचली.

एकशे दोन.

पुन्हा रगडली, दुसरं बोट टोचलं. एकशे पाच. मी बोटं बघतोय, मशीन बघतोय, आणि दादा मला बघतोय. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "झाला तमाशा? लहानपणी माझ्या चहात मीठ टाकायचास ते चाललं. आता माझ्या आजाराशी खेळू नकोस." आणि लंगडत भट्टीकडे गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तडक परत दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंना घडलं ते सांगितलं, तर या वेळी त्या हसल्या. म्हणाल्या, हे मशीन फक्त ग्लुकोज ओळखतं. फळात ग्लुकोज सुटं असतं म्हणून ते पकडलं जातं. आपली चहातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि दुसरी एक साखर हात धरून बसलेली जोडी. पोटात गेली की जोडी फुटते आणि रक्तातली साखर वाढते, पण बोटावर असताना ती जोडीच राहते, मशीनला कळत नाही. मग हसू ओसरलं आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मीही त्यांच्याकडे. दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली असावी. साध्या साखरेनं आकडा चढत नाही, आणि गुरूंच्या पुडीनं चढतो. म्हणजे ती पूड साखरेहूनही वरची. निव्वळ ग्लुकोज. अशक्त माणसाला पाण्यातून देतात ती. रंगाला आणि वासाला दालचिनी, एवढाच काय तो डोंगर.

"आणि तुमचे दादा ती चमच्यानं खातायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या बंद करून."

आता मात्र थट्टेला पर्याय नव्हता. घरात चार जणांत सांगून उपयोग नाही, हे कळलं होतं. चमत्कार चारशे जणांसमोर झाला, तर उलगडाही तिथंच व्हायला हवा.

पुढच्या कार्यक्रमात गुरूंनी विचारलं, आज कोण येणार पुढे? मीच हात वर केला. गुरूंना आनंद झाला. माइकवाल्याचीसुद्धा श्रद्धा बसली म्हणजे जाहिरातच. मी स्टेजवर गेलो, त्यांनी चिमटीत पूड दिली. मी ती नम्रपणे डाव्या हातात घेतली, डाव्या हातानंच चोळली, आणि सहायक बाईंपुढे उजवा हात केला. तो मी आत येतानाच साबणानं धुतला होता. बाई गोंधळल्या, गुरूंकडे बघायला लागल्या, पण पडद्यावर चारशे जणांचे डोळे लागलेले. टोचली सुई. अठ्ठ्याण्णव.

हॉलमध्ये कुजबुज. गुरू म्हणाले, या भाऊंना मधुमेह नाहीच, दुसऱ्या कुणाला बोलवू. मी म्हटलं, गुरुजी, असं कसं, मला केक नाही का? लोक हसले. केक आला. मी चवीनं खाल्ला. दादाचा हात काही झालं तरी दादाचाच हात. शीतशुद्धीचा कापूस आला तो मी हात जोडून परत केला, म्हटलं मी शुद्धच आहे, आणि या वेळी डावा हात पुढे केला. गुरूंचा पाक पहिल्यांदाच पातळ झाला. पण दारातली माणसं म्हणाली, घ्या की, घ्या की.

चारशे चाळीस.

"गुरुजी," मी त्यांच्या कॉलरवरच्या माइकजवळ तोंड नेऊन विचारलं, "तुमच्या अंगाईनं माझं बाळ दचकून उठलं का हो?"

जो हशा झाला तो मी विसरणार नाही. पण गुरू कच्चे नव्हते. त्यांनी हात वर केला, हशा थांबवला आणि खेदानं सांगितलं, की हा माणूस दिवसभर विजेच्या वायरीत वावरतो, याच्या अंगातल्या विजेमुळे मशीनचं डोकं फिरलं. आणि काय सांगू, अर्ध्या हॉलनं मान डोलावली. मीही क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघितलं, इतकं ते गोड सांगितलं होतं.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी स्टेजवर येऊन मला फक्त एवढंच सांगितलं, की तोच डावा हात त्या कोमट पाण्यात धुवा. मी धुतला, पुसला, त्यांनी टोचला. एकशे दहा. वीज तीच, वायरी त्याच, माणूस तोच. त्यांनी समोर वळून, संत्र्याची गोष्ट सांगितली होती तितक्याच साधेपणानं, पूड, बोट, थेंब आणि कापूस हे सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही.

तरी एक काका म्हणालेच, की ही सगळी यांची मिलीभगत. त्यावर शिवणकामाच्या मावशी उभ्या राहिल्या. त्या बिचाऱ्या तीनशे बारा आकडा बघून आठवडाभर झोपल्या नव्हत्या. म्हणाल्या, "माणसांवर विश्वास नाही ना, मग माणूसच नको. ती पूड पाण्यात कालवा आणि ते पाणी लावा मशीनला. पाण्याच्या अंगात वीज नसते."

डॉक्टरीणबाईंनी आधी नुसत्या पाण्याचा थेंब नव्या पट्टीला लावला. मशीननं तोंड फिरवलं, आकडा काही दिला नाही. मग पिण्याच्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर पूड ढवळली आणि त्यातला थेंब लावला. पडद्यावर तीनशे छप्पन्न.

"अरेरे," मावशी म्हणाल्या, "पाण्याला मधुमेह झाला. आता याला लो-कार्बवर ठेवा."

मग मात्र हॉल जो फुटला तो फुटलाच. हसता हसता लोक खुर्च्यांवरून घसरले. गुरूंनी मागचं दार गाठलं. माझी एक वायर त्यांच्या पायात आली, आणि ती मी तिथं ठेवली होती असं म्हणणारे लोक आहेत. असतील. जिन्यावरच्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. दादाची खुर्ची रिकामी होती.

बेकरीत गेलो तर दादा कामाच्या टेबलाशी उभा. मी, वहिनी, डॉक्टरीणबाई, तिघं दारातच थांबलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्टी तुझ्या बाईंनी लावली, पडदा तुझा, वायरी तुझ्या. तुला काय अवघड आहे?"

  माझ्या आयुष्यभराच्या कीर्तीला धरूनच होतं ते.

मग दादानं स्वतःच तीन ग्लास मांडले. तिन्हींत कोमट पाणी ओतलं, तिन्हींत सारखंच यीस्ट घातलं. पहिल्यात साखर. दुसऱ्यात एरिथ्रिटॉल. तिसऱ्यात डब्यातली शून्यसाखर. मला तेव्हा कळलं, की हा माणूस वाटेत विचार करत आला होता. यीस्ट साखर खातं आणि फेस सोडतं. साखर नसेल तर बसून राहतं. हे दादाला कुणी सांगायला नको, त्याचं पोट त्यावर चाललेलं. यीस्टला श्रद्धा नसते, शंका नसते, आणि मुख्य म्हणजे धाकटा भाऊ नसतो.

आम्ही वाट बघत उभे राहिलो. वहिनींनी पदर हातात घट्ट पिळला होता. थोड्या वेळानं पहिल्या ग्लासात बुडबुडे आले, मग फेस. दुसरा ग्लास तसाच, तळाशी गाळ. तिसऱ्या ग्लासात फेस वर आला, काठाला लागला आणि टेबलावर ओघळला. पहिल्यापेक्षा जास्त.

दादा त्या ओघळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "केकचा रंग किती छान यायचा. सोनेरी. एरिथ्रिटॉलचा कधी येत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि तो पिठाच्या पोत्यावर बसला आणि पायातली सपात काढली.

अंगठा बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला, पण त्या रागावल्या नाहीत. उद्या सकाळी नाही, आत्ताच हॉस्पिटलात जायचं, एवढं म्हणाल्या. गोळ्यांबद्दल विचारलं, किती खाल्लं ते विचारलं. मग सहज विचारलं, पथ्य चालू होतं तेव्हा आकडा किती यायचा? दादा म्हणाला, तेच तर, पावाचा तुकडा शिवत नव्हतो तरी तीनशे. म्हणून तर गुरूंकडे गेलो.

"पण दवाखान्यात तुमच्या दंडातून रक्त घेतलं होतं, ते तर छान होतं. मी सांगितलं होतं पथ्य लागू पडतंय. तुम्ही म्हणालात लॅब चुकली." मग विचारलं, "घरी मोजायचात म्हणजे कुठं मोजायचात?"

"घरी कुठं वेळ मिळतो? इथंच. काम करता करता."

आमच्या सगळ्यांचीच नजर टेबलाकडे गेली. टेबलाच्या कोपऱ्यात लिक्विड ग्लुकोजचं पिंप होतं, केकच्या आयसिंगला लागतं ते, मधासारखं घट्ट. त्याचं झाकण, टेबलाची कड, नळाची चावी, दादाचा ॲप्रन, सगळं चिकट. दादा बोटं त्या ॲप्रनला पुसायचा आणि सुई टोचायचा. गुरूंनी स्टेजवर जी लबाडी केली ती दादा स्वतःशी, कुणी न शिकवता, रोज करत होता. फक्त त्याचा शेवटचा भाग, कोमट पाण्याचा कापूस, तेवढा त्याच्याकडे नव्हता.

दादानं स्वतःची दहाही बोटं समोर धरून पाहिली.

"म्हणजे जे पथ्य मी सोडलं," तो म्हणाला, "तेच बरोबर चाललं होतं."

 वहिनींनी त्याचा हात धरला, तसाच, चिकट. माझ्याकडे हजार विनोद असतात, त्या वेळी एकही सापडला नाही, आणि ते बरंच झालं.

अंगठा वाचला. नख गेलं, थोडं मांस गेलं, दादा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी थोडा उशीर झाला असता तर बोटच काढावं लागलं असतं. गोळ्या परत सुरू झाल्या, पथ्य परत सुरू झालं. तो आता एरिथ्रिटॉलमध्ये चिमूटभर स्टीव्हिया घालून केक करतो. फिका दिसतो, तोंडात जरा थंड पडतो, आणि दादा गिऱ्हाइकाला ते आधीच सांगतो. एकापेक्षा जास्त तुकडे खाऊ नका, पोट बोलेल, हेही सांगतो, आणि सांगताना माझ्याकडे बोट दाखवतो. कुणी विचारलं की यानं मधुमेह बरा होतो का, तर म्हणतो, नाही हो, केकच आहे तो.

तर मंडळी, पर्यायी साखर जरूर घ्या, पण काय घेताय ते बघून घ्या. मध, खजूर, तपकिरी साखर, यांचे रंग निराळे असले तरी रक्तात गेल्यावर ती साखरच. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते विकणाऱ्यासाठी असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलंय ते तुमच्यासाठी. चष्मा लावा, लाजू नका. आणि गोळी कमी करायची, वाढवायची की बंद करायची, हे तुमचं रक्त तपासणाऱ्या डॉक्टरला ठरवू द्या, स्टेजवर टाळ्या मिळवणाऱ्याला नव्हे.

आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर त्याच्याशी भांडू नका. हसून सांगा, वा, पुन्हा करून दाखवा, फक्त या वेळी हात मी धुतो, पाणी माझं आणि बोटही मी निवडतो. खरा असेल तो आनंदानं पुन्हा करेल. खोटा असेल तो तुमच्या अंगात वीज आहे म्हणेल. तसं म्हणाला की खुर्ची सोडा, घरी जा, आणि घरात कुणाची जखम भरत नसेल तर त्याला घेऊन आधी दवाखाना गाठा.